लष्करी कर्मचाऱ्यांच्या माहितीची कंत्राटदारांकडून विक्री आणि तिला आळा (अमेरिका)

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या लोकांची, म्हणजे वर्दीतले जवान आणि सिव्हिलियन स्टाफ दोघांचीही, खाजगी माहिती कंत्राटदारांनी कामापुरती वापरावी आणि बाहेर विकू नये यासाठी जे कायदे आणि कंत्राटातल्या अटी आहेत त्यांचा हा विषय. हॅकिंगशी याची गल्लत करू नका. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी कार्मिक कार्यालयातून दोन कोटी पंधरा लाखांच्या आसपास लोकांची बॅकग्राउंड चेकची माहिती गेली ती चोरी होती, इथे रीतसर पावती फाडून धंदा चालतो.

कंत्राटदारांकडे एवढी माहिती येते कुठून? तर कुठून येत नाही असंच विचारावं लागेल. सैनिकांच्या ट्रायकेअर या आरोग्य योजनेचा कारभार खाजगी कंपन्या बघतात, १९९६ पासून तळांवरची घरं खाजगी बिल्डरांकडे जायला लागली, बदली झाली की सामान हलवणारेही खाजगीच. म्हणजे घरात माणसं किती, कोणाला काय आजार, कुठून कुठे बदली झाली हे सगळं सरकारच्या बाहेर कोणाच्या तरी सर्व्हरवर पडलेलं असतं.

मूळ आधार १९७४ च्या प्रायव्हसी ॲक्टचा. कायद्यात वेगळी परवानगी नसेल तर सरकारी खात्याने कोणाचं नाव-पत्ता विकायचा किंवा भाड्याने द्यायचा नाही असं त्यात सरळ लिहिलंय, आणि खात्याच्या वतीने अशी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कंत्राटदारालाही तो लागू होतो, मुद्दाम माहिती फोडली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. पण मेख अशी की हे फक्त सरकारसाठी चालवलेल्या रेकॉर्डपुरतं. त्याच कंपनीने स्वतःच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून स्वतःसाठी जे गोळा केलं ते यात बसेलच असं नाही. संरक्षण कंत्राटांमधली सायबर सुरक्षेची कलमं, ज्यात ११० कंट्रोल (सुरक्षेच्या ठरवून दिलेल्या अटी) पाळावे लागतात, ती माहिती बाहेरच्याने पळवू नये म्हणून आहेत. कुलूप भक्कम, पण मालक स्वतःच मागच्या दाराने माल काढत असेल तर कुलूप काय करणार!

बाजार किती उघडा आहे ते ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. त्यांनी सरळ ग्राहक बनून डेटा ब्रोकरांशी, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपन्यांशी, संपर्क केला, एक अमेरिकन आणि एक .एशिया डोमेन (वेबपत्ता) वापरून, आणि सैनिकांची नावं, घरचे पत्ते, आजार, मुलंबाळं, आर्थिक परिस्थिती हे सगळं विकत मिळालं. भाव? एका माणसामागे १२ सेंटपासून सुरू. फोर्ट ब्रॅग, क्वांटिको अशा तळांच्या आसपासचेच लोक हवेत असा फिल्टरही मारता आला. सगळ्यात कहर म्हणजे एका ब्रोकरने क्रेडिट कार्डने पैसे देणार असाल तर ओळख तपासू, बँकेतून वायर करणार असाल तर गरज नाही असं सांगितलं.

त्यानंतर २०२४ मध्ये कायदा आला की डेटा ब्रोकरांनी अमेरिकनांची संवेदनशील माहिती चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया यांना किंवा त्यांच्या ताब्यातल्या कंपन्यांना द्यायची नाही, आणि माणूस सैन्यात आहे ही माहितीसुद्धा संवेदनशील धरली. पण दुसऱ्याच्या वतीने काम करणारा सर्व्हिस प्रोव्हायडर तेवढ्या कामापुरता ब्रोकर ठरत नाही, म्हणजे कंत्राटदाराच्या बाबतीत पुन्हा कंत्राटाच्या अटींवरच भिस्त. एप्रिल २०२५ पासून न्याय खात्याचा याच धर्तीचा नियमही आहे, त्यात क्यूबा आणि व्हेनेझुएलाही येतात, आणि सरकारी नोकर किंवा सैनिकांचा म्हणून विकायला काढलेला डेटा कितीही थोडा असला तरी तो नियम लागतो.

देशातल्या देशात विकायला मात्र या दोन्हींची आडकाठी नाही. सैनिकांना भरमसाट व्याजाची कर्जं गळ्यात मारणारे जुनेच आहेत, म्हणून तर २००६ च्या कायद्याने त्यांच्यासाठी ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. अशा लोकांच्या हातात तयार यादी पडली आणि जवान कर्जात बुडाला तर त्याचा सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची परवानगीही अडकू शकते.