ऊस कोणत्या कपाटात ठेवायचा?

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन 'उसावरची पुस्तके कुठे आहेत?' असे विचारले, तर अनुभवी ग्रंथपाल लगेच कपाटाकडे बोट दाखवत नाहीत. उसाबद्दल नेमके काय वाचायचे आहे, असे ते उलट विचारतात. या प्रतिप्रश्नामागे ग्रंथालयशास्त्रातली एक मूलभूत अडचण आहे. जिथे ड्यूई दशांश वर्गीकरण वापरले जाते, तिथे उसाच्या लागवडीवरचे पुस्तक ६३३.६१ या वर्गांकाखाली, म्हणजे शेतीच्या पुस्तकांत असते. रसापासून साखर कशी तयार होते हे सांगणारे पुस्तक ६६४.१ वर, खाद्यप्रक्रियेच्या पुस्तकांशेजारी जाते. सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास सहकाराच्या ३३४ मध्ये सापडतो, ऊसतोडणी कामगारांच्या प्रश्नांवरचा ग्रंथ ३३१ ने सुरू होणाऱ्या श्रमविषयक अर्थशास्त्रात, आणि गवताच्या कुळातली एक वनस्पती म्हणून केलेले उसाचे वर्णन ५८० च्या घरातल्या वनस्पतिशास्त्रात. पुणे जिल्ह्यातल्या उसावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही सगळी पुस्तके लागतील, आणि ती मिळवायला त्याला ग्रंथालयभर हिंडावे लागेल.

याचा अर्थ ग्रंथालयाचा कारभार अव्यवस्थित आहे असा नव्हे. पुस्तके फळीवर एकापुढे एक, एकाच ओळीत उभी राहतात. ओळीतल्या पुस्तकाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोनच शेजारी मिळू शकतात, पण त्यातल्या विषयाची नाती मात्र चहूबाजूंनी पसरलेली असतात. त्यामुळे कोणतीही वर्गीकरणपद्धत घेतली तरी ती काही नाती जपते आणि बाकीची तोडते. ड्यूईची पद्धत ज्ञानशाखेचे नाते जपते: शेतीतली सगळी पिके एकत्र, सहकारातल्या सगळ्या संस्था एकत्र. जी वस्तू अनेक ज्ञानशाखांतून फिरते ती अर्थातच विखुरते. ग्रंथालयशास्त्रात अशा पुस्तकांना 'विखुरलेले नातलग' म्हणतात. वर्गीकरणाचे सगळे तंत्र समजून घ्यायचे असेल, तर कोणते नातलग एकत्र ठेवायचे आणि विखुरलेल्यांचा पत्ता कुठे लिहून ठेवायचा, हे दोन प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावेत.

मेल्विल ड्यूई याने आपली पद्धत १८७६ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत असताना, अवघ्या ४४ पानांच्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्याआधी बहुतेक ग्रंथालयांत क्रमांक हा पुस्तकाचा नसून जागेचा असे: अमुक कपाट, अमुक फळी, डावीकडून अमुकवे पुस्तक. फळी भरली की त्या विषयाचे नवे पुस्तक दुसरीकडे ठेवावे लागे, आणि ग्रंथालय मोठ्या इमारतीत हलवले की सगळे क्रमांक नव्याने घालावे लागत. ड्यूईने क्रमांक जागेवरून काढून पुस्तकाच्या विषयाला दिला. पुस्तक कुठेही न्या, त्याचे शेजारी तेच राहतात. त्याच पुस्तिकेत त्याने एक अकारविल्हे निर्देशसूचीही जोडली होती. एकच वस्तू कोणकोणत्या ज्ञानशाखांत कोणत्या क्रमांकावर गेली आहे, हे त्या सूचीत एका ठिकाणी पाहता येते. विखुरलेल्या नातलगांची जाणीव त्याला पहिल्या दिवसापासून होती, हे या सूचीवरून दिसते.

दशांश चिन्हाचे महत्त्व इथे लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्राच्या इतिहासाचा वर्गांक ९५४.७९२ आहे. त्यात ९ म्हणजे इतिहास-भूगोल, ९५ म्हणजे आशिया, ९५४ म्हणजे भारत आणि आजूबाजूचा प्रदेश, ९५४.७ म्हणजे त्याचा पश्चिम भाग आणि पुढच्या ९२ ने महाराष्ट्र. प्रत्येक अंक आधीच्या अंकाने आखलेल्या वर्तुळाच्या आत आणखी लहान वर्तुळ काढतो. दोन दशांश अपूर्णांकांच्या मध्ये नेहमीच तिसरा बसू शकतो, त्यामुळे उद्या नवा विषय जन्माला आला तरी जुन्या पुस्तकांचे क्रमांक न हलवता त्याला जागा देता येते. फळीवर शोधताना मात्र हे अंक पूर्ण संख्येसारखे वाचून चालत नाही. ९५४.७९२ हे ९५४.८ च्या आधी येते, कारण तुलना दशांश चिन्हानंतरच्या एकेका अंकाची करायची असते. ७९२ हा आकडा ८ पेक्षा मोठा दिसतो म्हणून कित्येक वाचक चुकीच्या दिशेला जातात आणि पुस्तक नाही असे समजून परत फिरतात. ग्रंथालयाच्या पहिल्याच भेटीत प्रत्येक विद्यार्थ्याला ही एवढी गोष्ट दाखवून दिली पाहिजे.

पहिला अंक ० ते ९ यांपैकीच असल्यामुळे ड्यूईच्या पद्धतीत मुख्य घरे दहाच होतात. दहा घरांत जगातले सगळे ज्ञान बसवायचे म्हटल्यावर ती घरे आखणाऱ्याच्या नजरेतून जग दिसणार, हेही ओघाने आले. ड्यूईच्या साहित्यविभागात अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन आणि ग्रीक साहित्याला प्रत्येकी दहा-दहा क्रमांकांची स्वतंत्र खोली आहे, आणि उरलेल्या जगाला मिळून ८९० ही एक. मराठी साहित्य त्यात ८९१.४६ वर येते, कविता ८९१.४६१ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. धर्मविभागातही २२० ते २८० हे क्रमांक ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत, तर हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख धर्मांची वाटणी २९४ या एकाच आकड्यात केलेली आहे. स्थानिक साहित्याला लहान क्रमांक देण्याची मुभा या पद्धतीत आहे, पण मूळ आखणीतला हा असमतोल त्यामुळे नाहीसा होत नाही, आणि तो अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडची खरी परीक्षा ज्ञानेश्वरीच्या वेळी होते. भगवद्गीतेला २९४.५९२४ हा स्वतंत्र वर्गांक आहे, आणि ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका असल्यामुळे ती तिथे ठेवणे पूर्णपणे सयुक्तिक ठरते. पण ती ओवीबद्ध मराठी काव्यही आहे, आणि मराठी कवितेच्या फळीवर ज्ञानेश्वरी नसेल तर ती फळी अपुरी वाटेल. तेराव्या शतकातल्या मराठी भाषेचा पुरावा म्हणून भाषाशास्त्राचा अभ्यासकही तिच्यावर हक्क सांगतो. ग्रंथपालाने यांपैकी एक जागा निवडली, की त्या ग्रंथालयापुरता निर्णय झाला, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीसाठी तोच पाळावा लागतो. हे काम यांत्रिक आहे असे समजणाऱ्यांनी ही एक निवड स्वतः करून पाहावी.

ड्यूईच्या पद्धतीतली मर्यादा सर्वांत खोलवर ओळखली ती एका भारतीय गणितज्ञाने. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले असताना तिथल्या सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. मोजक्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू यांच्या जोडणीतून हवी ती वस्तू उभी करता येते, हे पाहून त्यांना वर्गीकरणाचे नवे तत्त्व सुचले. ड्यूईच्या पद्धतीत बहुतेक विषयांचे तयार क्रमांक कोष्टकात आधीच छापलेले असतात. रंगनाथन यांनी तयार विषयांची यादी बाजूला ठेवली आणि विषय ज्या घटकांतून बनतो त्या घटकांनाच चिन्हे दिली. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीला द्विबिंदू वर्गीकरण म्हणतात, कारण घटक जोडण्यासाठी सुरुवातीला विसर्गासारखे दिसणारे द्विबिंदू हे एकच चिन्ह वापरले होते.

कोणत्याही विषयाला पाच प्रकारचे पैलू असू शकतात असे त्यांनी मांडले: विषयाच्या केंद्रस्थानी असलेली गोष्ट, द्रव्य किंवा गुणधर्म, क्रिया, स्थळ आणि काळ. त्यांच्या पद्धतीतले एक नेहमी दिले जाणारे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. दिसायला हे बीजगणित वाटते, पण ते वाक्यासारखे वाचता येते. 'एल' म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुसे, ४२१ म्हणजे क्षयरोग, ६ म्हणजे उपचार, २५३ म्हणजे क्ष-किरण, 'एफ' म्हणजे संशोधन, ४४ म्हणजे भारत आणि 'एन५' म्हणजे १९५० चा काळ. भारतात १९५० च्या सुमारास फुप्फुसांच्या क्षयरोगावर क्ष-किरणांनी केलेल्या उपचारांचे संशोधन, एवढा मजकूर त्या ओळीत मावला आहे. घटकांमधली विरामचिन्हेही अर्थवाही आहेत. पुढचा घटक द्रव्य आहे, क्रिया आहे, स्थळ आहे की काळ, हे ती सांगतात.

फळ्यांच्या लढाईत ड्यूई जिंकला, हे मान्य करायला हवे. पुस्तकाच्या कण्यावर एवढा लांब वर्गांक लिहिणे आणि तो पाहून पुस्तक जागेवर ठेवणे सोपे नाही, आणि आज भारतातही बहुसंख्य ग्रंथालये ड्यूईच्याच आकड्यांवर चालतात. विचार म्हणून मात्र रंगनाथन यांची सरशी झाली. खरेदीच्या संकेतस्थळावर आपण किंमत, आकार आणि रंग अशा वेगवेगळ्या बाजूंनी वस्तू गाळून घेतो, ते पैलूंनुसार केलेले वर्गीकरणच आहे. संगणकाला फळीची ओळ पाळावी लागत नाही; पैलू कोणत्याही क्रमाने जोडायची मोकळीक तिथे मिळते, आणि कागदावर अवघड वाटणारी ती पद्धत तिथे सहज चालते.

आता विखुरलेल्या नातलगांचा पत्ता कुठे लिहायचा, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर म्हणजे तालिका, म्हणजेच ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींचा कॅटलॉग. चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने, योगायोगाने १८७६ सालीच, तालिकेचे नियम प्रसिद्ध केले आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते नेमकेपणाने सांगितले: लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एकच गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला पुस्तक सापडले पाहिजे, आणि एका लेखकाचे किंवा एका विषयावरचे ग्रंथालयात काय काय आहे तेही एकत्र दिसले पाहिजे. पुस्तक फळीवर एकाच जागी उभे राहते, पण तालिकेत त्याच्या हव्या तितक्या नोंदी करता येतात. लाकडी खणांतल्या साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांनी हे काम शंभर वर्षे केले.

एका लेखकाचे सगळे एकत्र दाखवणे ऐकायला सोपे वाटते. मराठीत ते किती कठीण आहे, हे राम गणेश गडकरी यांच्या नोंदी करताना कळते. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. तालिका करणाऱ्याने तिन्ही नावे एका प्रमाणित नावाशी जोडली नाहीत, तर वाचकाला तीन वेगळे लेखक दिसतील. मग केशवसुतांची नोंद दामले या आडनावाखाली करायची की टोपणनावाखाली? आडनावच नसलेल्या संतांचे काय? कोणते नाव प्रमाण धरायचे हे एकदा ठरवून बाकीच्या नावांवरून त्याकडे 'पाहा' अशी वाट काढून देणे, हे तालिकाकाराच्या कामाचे सर्वांत मोलाचे अंग आहे, आणि वाचकाला ते जवळजवळ कधीच दिसत नाही.

तालिकेच्या बळावर फळीचा क्रम पूर्णपणे बाजूला ठेवता येतो, याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सरकारी हस्तलिखितांचा जो संग्रह डेक्कन कॉलेजातून आला, त्यातल्या पोथ्यांचे क्रमांक संकलनाच्या वर्षानुसार आहेत: अमुक क्रमांक, १८८१-८२ चा संग्रह, अशा स्वरूपात. वेद, व्याकरण, ज्योतिष, अलंकारशास्त्र यांची विभागणी छापील वर्णनात्मक सूचींतून केली आहे. पोथीला मुखपृष्ठ नसते. ग्रंथाचे आणि कर्त्याचे नाव, लेखनाचा शक किंवा संवत, लेखनिक कोण, हे बहुधा शेवटच्या पुष्पिकेतून, म्हणजे लेखनिकाच्या समारोपाच्या ओळींतून काढावे लागते, आणि शेवटचे पान हरवले असेल तर मजकूर वाचून ओळख पटवावी लागते. म्हणून सूचीकार पानांची संख्या, पानावरच्या ओळी, ओळीतली अक्षरे आणि लिपी नोंदवतो, आणि ग्रंथाचा आरंभ व शेवट उतरवून ठेवतो. दुसऱ्या शहरातल्या अभ्यासकाला आपल्याकडची पोथी तीच आहे का, हे पोथी न पाहता ताडता यावे, हा त्यामागचा हेतू असतो. मला तालिकीकरणाचे हे सर्वांत परिपक्व रूप वाटते.

संगणक आला तेव्हा कार्डांवरची हीच माहिती यंत्राला कळेल अशा साच्यात घालावी लागली. हेन्रिएट अ‍ॅव्हरम यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात मार्क हा साचा तयार केला. त्यात लेखकाला १००, शीर्षकाला २४५, ड्यूई वर्गांकाला ०८२ आणि विषयशीर्षकाला ६५० असे ठरलेले रकाने आहेत, आणि आजही कोहासारख्या मोफत उपलब्ध असलेल्या ग्रंथालय-प्रणाली हाच साचा वापरतात. मराठीसाठी मात्र काम तेवढ्याने संपले नाही. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणकात प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या देवनागरी कोष्टकात तो ल नंतर लगेच, व च्या आधी आहे. परिणामी संगणकाने केवळ संकेतांकांवरून क्रम लावला, तर कालेलकर, काळे, कासार अशी यादी तयार होते, आणि मराठी वर्णमालेप्रमाणे ती कालेलकर, कासार, काळे अशी हवी. क्ष आणि ज्ञ हे तर संगणकाच्या दृष्टीने जोडाक्षरे, म्हणून ती क आणि ज यांच्या पोटात जातात. मराठीचे क्रमनियम प्रणालीला वेगळे सांगावे लागतात, आणि ते सांगितले आहेत की नाही याची खात्री ग्रंथालयाने करून घेतली पाहिजे.

ज्या ग्रंथालयांत विषयशीर्षकाचा रकाना रिकामा सोडला जातो, तिथे वाचकाची सर्वांत जास्त हानी होते. शोधखिडकी फक्त अक्षरे जुळवते. 'क्षयरोग' लिहून शोधणाऱ्याला 'टीबी' किंवा 'राजयक्ष्मा' एवढेच शीर्षकात असलेले पुस्तक ती दाखवत नाही. विषयशीर्षक ठरलेल्या शब्दांत भरलेले असेल तर तिन्ही पुस्तके एकत्र येतात. म्हणून ऑनलाइन तालिकेत शोधताना हाती लागलेल्या पहिल्या उपयुक्त पुस्तकाची पूर्ण नोंद उघडावी, तिच्यातल्या विषयशीर्षकावर टिचकी मारावी आणि मग वर्गांक टिपून घेऊन फळीपाशी जावे. त्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूंची पुस्तके पाहून झाली, की निर्देशसूचीत त्याच वस्तूचे आणखी कोणते वर्गांक दिले आहेत ते ग्रंथपालांना विचारावे.