‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हा कायमचा इलाज नव्हे

जुने बिलिंगचे सॉफ्टवेअर साध्या खात्यातून चालत नसेल, तर त्याला प्रशासकीय अधिकार लागतातच, म्हणून ते दर वेळी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने, म्हणजे अधिकार वाढवून, चालवावे किंवा वापरकर्त्यालाच ॲडमिनिस्ट्रेटर करून टाकावे, हा समज विंडोज व्हिस्टाच्या काळापासून, म्हणजे २००७ पासून, टिकून आहे. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. असा प्रोग्राम आपली सेटिंगची किंवा डेटाची फाइल ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये, अथवा रजिस्ट्रीच्या (विंडोज जेथे सेटिंग साठवते त्या नोंदवहीच्या) सर्व खात्यांना सामाईक असलेल्या भागात लिहू पाहतो, आणि तेथे साध्या खात्याला लिहिण्याची मुभा नसते, एवढेच.

नेमके कोठे अडते, हे मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस मॉनिटर या मोफत साधनाने कळते. ते साधन स्वतः प्रशासकीय अधिकारानेच चालवावे लागते. तपासायचा प्रोग्राम मात्र साध्या खात्यातून सुरू करावा आणि नोंदींतून ‘ॲक्सेस डिनाइड’ तेवढ्याच गाळून पाहाव्यात. प्रत्येक नकार महत्त्वाचा नसतो. प्रोग्राम बंद पडण्याच्या लगेच आधीचे नकार प्रथम तपासावेत. जी फाइल किंवा रजिस्ट्रीची नोंद अडते, तिच्यापुरतीच लिहिण्याची परवानगी द्यावी. संपूर्ण फोल्डर मोकळे करणे मला धोक्याचे वाटते, कारण मग प्रोग्राम सुरू करणारी मूळ ईएक्सई फाइलही कोणालाही बदलता येते.

उलट, अधिकार वाढवून चालवलेल्या प्रोग्रामला वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह (दुसऱ्या संगणकावरचे सामाईक फोल्डर) अनेकदा दिसत नाहीत, आणि एक्सप्लोररमधून त्यात फाइल ओढून टाकता येत नाही. ड्रायव्हर बसवणाऱ्या किंवा डिस्कचे विभाजन बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र हे अधिकार खरोखरच लागतात.