एक्सआर्ग्स आणि रिस्पॉन्स फाइल: यादी लांबली की कोणाला बोलवायचं?

लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट बिल्ड होत आलेला असतो आणि ऐन लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्राम बनवताना, ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ (कमांडला दिलेली यादी फार लांब) ही एरर येऊन आदळते. विचारलं की कुणी म्हणतं एक्सआर्ग्स वापर, कुणी म्हणतं रिस्पॉन्स फाइल. जणू दोन्ही एकच.

एक्सआर्ग्स हा कमांडलाइनवरचा छोटा प्रोग्राम. तो यादीचे तुकडे पाडतो आणि दर तुकड्याला तीच कमांड नव्याने चालवतो. हजारो सी फाइली नुसत्या कंपाइल करायच्या असतील तर उत्तम, कारण तिथे एका फाइलचं दुसरीशी देणंघेणं नसतं. लिंकरला मात्र सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकदम लागतात. अर्ध्याच दिल्या की ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागते. निदान ती चूक दिसते तरी. स्टॅटिक लायब्ररी (ऑब्जेक्ट फाइलींचा एकत्र गठ्ठा) बांधताना खरी गंमत होते. असा गठ्ठा बांधणाऱ्या ग्नू एआरला ‘आर’ (घाला किंवा बदला) पर्याय देऊन दोन फोल्डरांतल्या एकाच नावाच्या फाइली एकाच फेरीत दिल्या तर दोन्ही आत राहतात. एक्सआर्ग्सने त्या वेगळ्या फेऱ्यांत टाकल्या, की दुसरी पहिलीला हुसकावून लावते. तक्रार कुणीच करत नाही.

रिस्पॉन्स फाइल काहीच तोडत नाही. सगळी यादी एका फाइलीत लिहायची आणि कंपायलरला @ लावून फक्त त्या फाइलीचं नाव द्यायचं. कर्नलला (लिनक्सचा गाभा; लांबीची हद्द त्याचीच) छोटीशी कमांड दिसते, फाइल कंपायलर स्वतः उघडतो. म्हणूनच प्रोग्रामला ही सोय माहीत असावी लागते: जीसीसी, क्लँग, ग्नू लिंकर यांना ती आहे, फाइली कॉपी करणाऱ्या ‘सीपी’ला नाही. विंडोजवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: या फाइलीतला बॅकस्लॅश जीसीसी गिळतो, पाथमध्ये साधा स्लॅश द्यावा. तिथे ही फाइल लवकरच लागते म्हणा. सीएमडीची (विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट) मर्यादा 8,191 अक्षरांची, थेट प्रोसेस सुरू केली तरी 32,767.

आता माझ्या मते सगळ्यात फसवा भाग. लिनक्सवर गेटकॉन्फ या कमांडला एआरजी-मॅक्स, म्हणजे सगळ्या आर्ग्युमेंटची मिळून हद्द, विचारलं तर बहुधा 2,097,152 बाइट सांगतो (8 एमबी स्टॅकचा चौथा हिस्सा, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल धरून). मग बिल्ड चालवणारा मेक त्याच्या कितीतरी आधी का कोसळतो? कारण रेसिपीत (मेकला दिलेल्या कमांडच्या ओळींत) रिडायरेक्शनसारखं (आउटपुट फाइलीत वळवणं) काही असलं की मेक ती अख्खी ओळ शेलला (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो, आणि एकट्या आर्ग्युमेंटची हद्द, मेमरीची पानं 4 केबीची असतील तर, 131,072 बाइटची. त्यामुळे रेसिपीत ‘एको’ने यादी फाइलीत ओतायला गेलात तर रिस्पॉन्स फाइल जन्मायच्या आधीच तीच एरर. तीच ‘एको’ बॅशच्या स्क्रिप्टमध्ये बिनतक्रार चालते, कारण तिथे ती शेलच्या पोटातलीच. नवी प्रोसेस सुरूच होत नाही.

ग्नू मेक 4.0 पासून ‘फाइल’ नावाचं फंक्शन आहे. ते शेलला न विचारता मेककडूनच फाइल लिहून घेतं. निंजा या दुसऱ्या बिल्ड प्रोग्राममध्ये रूलला ‘आरएसपीफाइल’ आणि ‘आरएसपीफाइल_कंटेंट’ दिलं की झालं; कमांड यशस्वी झाल्यावर ती फाइल निंजा स्वतःच पुसतो.