काडीमोड (खानदेश)

काडीमोड : जातीच्या किंवा भावकीच्या पंचांसमोर रूढीने होणारा विवाहविच्छेद. फारकत आणि सोडचिठ्ठी हे त्याचे पर्यायी शब्द. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत तिन्ही शब्द चालतात. अहिराणीत ‘तिना काडीमोड व्हयी गया’ असे म्हणतात. न्यायालयातून मिळालेल्या घटस्फोटालाही बोलण्यात फारकतच म्हटले जाते. त्यामुळे नेमके काय झाले आहे, हे हातातला कागद पाहिल्यावाचून कळत नाही.

शब्दाचा उगम वादाचा आहे. पंचांदेखत गवताची काडी मोडून संबंध तुटल्याचे दाखवीत, त्यावरून शब्द रूढ झाला, हे स्पष्टीकरण सर्वांत प्रचलित. काडी मोडणे हा मुळात नुसता वाक्प्रचार होता, अशीही शंका घेता येते. मात्र राजपुतान्यातील भिल्लांविषयीच्या जुन्या नोंदींत नवऱ्याने पागोट्याची पट्टी फाडून विच्छेद जाहीर करण्याची चाल आढळते. जिथे लिहिणारे कोणी नव्हते, तिथे डोळ्यांदेखत काही मोडणे वा फाडणे हाच पुरावा होता. म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. फारकत (फारखत) हा शब्द मात्र दफ्तरातला. फारिग म्हणजे मोकळा आणि खत म्हणजे लेख. मूळ अर्थ देणे फिटल्याची पावती. सावकारी व्यवहारातला हा शब्द विवाहाला बहुधा फार्सी दफ्तराच्या काळात चिकटला असावा. या चालीची मुळे अर्थशास्त्रापर्यंतही नेता येतात : परस्पर द्वेष असल्यास मोक्ष (विवाहातून सुटका), असे कौटिल्य सांगतो. पण धर्मविवाहांना (ब्राह्म आदी पहिल्या चार प्रकारांना) मोक्ष नाही, असेही तो लगेच बजावतो. सलग दुवा हाती नसताना साम्यापलीकडे जाऊ नये, हे बरे.

ज्या जातींत पाट किंवा मोहतर (विधवेचे वा सोडलेल्या बाईचे दुसरे लग्न) चाले, त्यांतच काडीमोडही चाले. ब्राह्मण, वाणी आदी जातींत दोन्ही नव्हते. दख्खन प्रांतातील जातींच्या रूढींचे आर्थर स्टील यांनी केलेले संकलन (1827) या विषयाचा जुना आधार मानले जाते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने पंचांच्या अधिकाराला मर्यादा घातली. नवऱ्याच्या संमतीवाचून विवाह मोडून बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार 1876 मध्ये नाकारला गेला. पंचांनी ठरवलेली रक्कम भरून एकट्याच्या मर्जीने विवाह मोडण्याची रूढी अनीतिमूलक असल्याचा निर्णय 1915 चा.

मुंबई प्रांतातील हिंदूंना न्यायालयीन घटस्फोटाची वाट 1947 च्या प्रांतिक कायद्याने खुली झाली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कलम 29(2) अन्वये रूढीचा घटस्फोट राखून ठेवला. परस्परसंमतीचे कलम 13ब मात्र 1976 मध्ये आले. ‘राजीखुशीने फारकत देत-घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहिला नाही’ असे शंभराच्या मुद्रांकावर लिहून, खाली दोन्हीकडच्या साक्षीदारांच्या सह्या व अंगठे घेतलेला कागद आजही घरोघरी पेटीत जपलेला असतो. तो स्वतःहून विवाह मोडत नाही. जातीत तशी रूढी आहे, हे न्यायालयात मांडून सिद्ध करावे लागते; सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे स्पष्ट केले. रूढी सिद्ध झाली नाही, तर त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेल्या बाईचा विवाह शून्य ठरतो, आणि हा फटका बहुतेक वेळा तिलाच बसतो. नोटरींनी विवाह-घटस्फोटाचे असे लेख करू नयेत, असे केंद्राने 2024 मध्ये बजावले आहे.

सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि पश्चिमेकडील कोकणा, मावची या अनुसूचित जमातींना कलम 2(2) मुळे 1955 चा कायदा लागू नाही. तेथे रूढीच कायदा. मुलाकडून दिलेले देज (वधूमूल्य) परत करायचे की नाही, आणि किती, यावरच पंचांची बैठक लांबते. तडवी भिल्ल धर्माने मुस्लिम असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

मुलांचा ताबा काडीमोडीच्या कागदात सहसा एका ओळीत उरकलेला असतो. मुले बापाच्या भावकीत राहतात. न्यायालयाला ती ओळ बंधनकारक नाही. 1956 च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार मुलाचे हित सर्वोपरी असून पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असा संकेत आहे. फारकतीनंतर बापाने मूल दत्तक द्यायचे ठरवले, तरी त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याच्या कलम 9 प्रमाणे आईची संमती लागतेच. तिने संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा न्यायालयाने तिला मनोविकल ठरवले, एवढेच अपवाद. दुसरे लग्न हा अपवाद नाही.