दिल्लीचा कूलर फोंड्यात का हरतो?

मे महिन्यात आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी मुंबईचे काका, बंगळुरूची मावसबहीण आणि दिल्लीचा आतेभाऊ जमले की मानकुराद आंब्याच्या फोडी संपेपर्यंत एकच वाद, कुठलं शहर भारी. दिल्लीवाला म्हणतो मुंबईत नुसता घाम, काका म्हणतात तुमच्या लू पेक्षा, त्या भाजणाऱ्या गरम वाऱ्यापेक्षा, घाम परवडला, आणि बहीण म्हणते आमच्या जुन्या घरात तर पंखाच नव्हता. मला खरंच वाटतं, या भांडणात निम्मा वाटा हवेचा आहे.

गेल्या वर्षी आतेभावाने मोठ्या प्रेमाने आम्हाला कूलर घेऊन दिला. दिल्लीत मे मध्ये पारा चाळीसला टेकतो पण हवा कोरडी, त्यामुळे कूलरच्या गवतावरचं पाणी भराभर उडतं, उडताना हवेतली उष्णता शोषून घेतं आणि खोलीत गार वारा येतो. आमच्याकडे पारा ३३-३४ च, पण हवा आधीच समुद्राच्या वाफेने भरलेली, पाणी उडेचना. रात्रभर कूलर चालला आणि सकाळी चादर दमट, उशी चिकट, कपाटातल्या कपड्यांना वास! अंगावरच्या घामाचं पण हेच, तो सुकला तरच गार वाटतं, म्हणून तर मुंबईत ३३ डिग्रीला जीव नकोसा होतो.

पण तोच समुद्र मुंबईला सांभाळतो पण. एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, कोरड्या वाळूला त्याच्या पाचवा हिस्सा पुरतो, त्यामुळे समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो. जानेवारीत मुंबईची रात्र १७ च्या आसपास, दिल्लीची ७ च्या. शिवाय दिल्लीत थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असं उलटं होतं, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा धूर खालीच कोंडतो. तिथल्या पोरांच्या फुप्फुसांचा विचार केला की हा वाद मस्करीचा राहत नाही.

बंगळुरू साधारण ९०० मीटर उंचावर. किलोमीटरभर वर गेलं की हवा ढोबळमानाने साडेसहा डिग्रीने उतरते, तो गारवा तिथून आलेला. पण तळी बुजवली, झाडं तोडली, सिमेंट वाढलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे पारा ३८ च्या वर गेला. बहीण हे सांगताना गप्पच झाली.

आतेभावाने विचारलं, मग इथे घामाचं करू काय? म्हटलं, खिडक्या उघड आणि पंख्याखाली बस, अंगाला चिकटलेली दमट हवा हलली की घाम थोडा तरी सुकतो.