पाच सेकंदांचं प्लास्टर

लोकमान्यनगरला ताईकडे गेलो तेव्हा भाचा सोफ्यावर मांडी घालून बसला होता. डाव्या मनगटाला प्लास्टर आणि त्यातून बाहेर आलेली बोटं कंट्रोलरवर. आठवड्यापूर्वी राजवाड्याजवळ त्याची स्कूटर घसरली होती. पडद्यावरचा त्याचा गडीही नुकताच कड्यावरून कोसळला होता आणि त्याचंही हाड मोडलं होतं. भाच्यानं मेनू उघडला, मोडलेल्या जागी फळी बांधली, वर बँडेज गुंडाळलं.

"हो गया, मामा."

"त्याच्या डॉक्टरकडे आपला नंबर लागतो का विचार," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

गेम होता 'मेटल गिअर सॉलिड 3 : स्नेक ईटर'. मूळचा 2004चा, 2025मध्ये नव्या रूपात आलेला. काळ 1964, जागा सोव्हिएत जंगल आणि नायक एकटा. शत्रूला चुकवत सरपटायचं, साप-बेडूक मारून पोट भरायचं आणि जखमा आपल्या आपणच बांधायच्या. इतर बऱ्याच गेममध्ये औषधाची एक डबी उचलली की माणूस ठणठणीत होतो. इथं प्रत्येक दुखापतीचा इलाज वेगळा. उपचार केले नाहीत तर लाइफच्या पट्टीचा एक तुकडा लाल होतो आणि काही केल्या भरत नाही. हे मला आवडलं. पण ज्या उपचारांवर भाचा फिदा होता, त्यातले काही खऱ्या जंगलात जिवावर बेततील.

आता त्याचंच मनगट घ्या. प्लास्टर हाड जोडत नाही, ते हाडाला फक्त हलू देत नाही. हाड मोडलं की आतल्या फुटलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त साचून गाठ होते. त्या गाठीत पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ सांधा तयार करतात. मग त्यात कॅल्शियम साठून तो टणक होतो. तेव्हा कुठं प्लास्टर काढायची भाषा. पण हे जोडकाम ओबडधोबड असतं. जास्तीचं हाड कोरून काढणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींचं काम पुढं महिनोन्‌महिने चालू राहतं.

कातडीचंही तेच. रक्त काही मिनिटांत गोठतं, काही तासांत पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळू लागतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणायला सुरुवात होते. तीन आठवड्यांनी जखम वरून बरी दिसते, तरी त्या कातडीची ताकद मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच असते. अनेक महिन्यांनीही ती 80 टक्क्यांच्या पुढं फारशी जात नाही.

गोळी लागली की गेममध्ये ती सुरीनं उकरून काढायची असते. भाच्याचा हा सर्वांत आवडता भाग. खरं तर बहुतेक गोळ्या आत राहिल्या तरी शरीर त्यांच्याभोवती कोष विणून त्यांना गप्प बसवतं. सांध्यात किंवा नसेवर बसलेली गोळी काढावी लागते, पण तीही शस्त्रक्रिया करून. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना 2 जुलै 1881 रोजी गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि हत्यारं घालून ती शोधली, आठवडेच्या आठवडे. पू झाला, ताप हटेना, आणि 79 दिवसांनी ते गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती स्वादुपिंडामागे, कोषात निवांत बसलेली.

जळूचा प्रकार तर त्याहून मजेदार. गेममध्ये ती पेटत्या सिगारनं चटका देऊन काढतात. चटका बसला की जळू पोटातलं जखमेतच ओकू शकते आणि सोबत जंतूही सोडू शकते. त्यापेक्षा नख तिच्या तोंडाखालून अलगद सरकवावं. सुटल्यावरही रक्त वाहत राहतं, कारण तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही. सुश्रुतसंहितेत जळू कशी लावावी यावर सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय आहे. आणि गंमत बघा, ज्या 2004 साली हा नायक सिगारनं जळवा भाजू लागला, त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं वैद्यकीय जळवांना परवानगी दिली. तुटलेलं बोट पुन्हा जोडल्यावर त्यात तुंबलेलं रक्त ओढून घ्यायला त्या वापरतात.

माझ्या मते या गेममधली सर्वांत खरी गोष्ट उपचारांच्या मेनूत नाहीच, ती स्टॅमिनाच्या पट्टीत आहे. पोट रिकामं असलं की नेम धरताना हात थरथरतो आणि पोटातली गुरगुर शत्रूला ऐकू जाते. मुख्य म्हणजे लाइफ सावकाश भरते. गेम बंद ठेवला तर पोतडीतलं मांस खऱ्या घड्याळानुसार कुजतंसुद्धा! म्हणजे काळ जातो हे त्या मांसाला कळतं, हाडाला मात्र नाही.

एवढ्यात ताईनं पोहे आणले, वर शेव, जिरावन मसाला आणि लिंबाची फोड. भाच्यानं लिंबू बाजूला सारलं, तेव्हा मी त्याला ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅन्सनच्या जहाजांची हकिगत सांगितली. 1740 साली इंग्लंडहून निघालेल्या या ताफ्यात स्कर्व्हीनं माणसं पटापट मेली. त्यांना क जीवनसत्त्व मिळत नव्हतं, आणि त्याशिवाय कोलॅजेनचा धागा पक्का वळला जात नाही. शरीर जुना धागा काढून नवा घालत असतं, व्रणातसुद्धा. नवा मिळेना तेव्हा, त्या सफरीच्या वृत्तांतात लिहिल्याप्रमाणे, 50 वर्षांपूर्वीच्या लढाईत जखमी झालेल्या एका खलाशाच्या जखमा पुन्हा उघडल्या. इतकंच नाही, त्याचं फार पूर्वी जुळलेलं हाडही आज मोडल्यासारखं सुटं झालं.

भाच्यानं गेम थांबवला. लहानपणी ओट्यावरून पडून हनुवटीला तीन टाके पडले होते, तिथं त्यानं बोट फिरवून पाहिलं. मग उजव्या हातानं लिंबू पोह्यांवर पिळलं आणि ताटली प्लास्टरवर टेकवून खायला लागला.