लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन: ‘रक्तवाहिन्या वाढल्या’ म्हणजे ‘सुधारल्या’ नव्हे

लेप्टिनची ओळख नव्याने करून द्यायला नको. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलेलं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं हार्मोन. त्याला ‘भुकेचं हार्मोन’ म्हणणं मात्र कृपया थांबवा, भूक लावतं ते घ्रेलिन हे वेगळं हार्मोन. ॲडिपोनेक्टिन या दुसऱ्या हार्मोनचं पहिलं वर्णन पुढच्याच वर्षी आलं. दोन्ही मेदपेशीच तयार करतात, पण चरबी वाढली की लेप्टिन चढतं आणि ॲडिपोनेक्टिन उतरतं. चरबी म्हणतेय, वजन नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या २१.२ टक्के!

आता खरा घोळ. लेप्टिनमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात हे १९९८ साली दिसलं. तेव्हापासून ‘लेप्टिन रक्तवाहिन्या वाढवतं, म्हणून ते हृदयाला चांगलं’ हे वाक्य फिरतंय, आणि ते वाचलं की मला माझी मावशी आठवते. मावशीला जुना मधुमेह. डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्यात असं तपासणीत सांगितलं, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. ती समाधानाने घरी आली: “नव्या आल्यात म्हणे, म्हणजे रक्त नीट पोचत असेल.” दोन महिन्यांत तिच्या नजरेसमोर काळे धागे तरंगायला लागले. त्या वाहिन्या कच्च्या होत्या, फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं. मग त्यांची वाढ रोखणारी इंजेक्शनं थेट डोळ्यात घ्यावी लागली.

शरीर नवी वाहिनी फोडतं ते बहुधा कुठेतरी प्राणवायू कमी पडला म्हणून. धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरातही अशाच पाझरणाऱ्या वाहिन्या शिरतात, आणि त्यांतून रक्तस्राव झाला की तो थर तडकण्याचा धोका वाढतो. वाहिनी निरोगी आहे की नाही हे ठरतं तिच्या आतल्या अस्तरावर. हे अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिनी सैलावते आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) तिला चिकटत नाहीत. ॲडिपोनेक्टिनचं मोठं काम इथे आहे. ते नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला चालना देतं आणि दाह होताना अस्तर चिकट होऊ देत नाही. लेप्टिनही तात्पुरतं नायट्रिक ऑक्साइड वाढवतं, पण ते सतत चढलेलं राहिलं की रक्तदाब वाढवायला हातभार लावतं आणि अस्तराला इजा करतं.

म्हणून ‘लेप्टिन वाहिन्या वाढवतं, ॲडिपोनेक्टिन रोखतं’ अशी वाटणी करू नका, तीही चूक आहे. ॲडिपोनेक्टिन नसलेल्या उंदरांच्या पायाची धमनी बंद केली, तर तिथे नव्या वाहिन्या नीट फुटत नाहीत. रक्त कमी पडलेल्या पायात हवी असलेली वाढ वेगळी, डोळ्याच्या पडद्यावरची वेगळी.

ॲडिपोनेक्टिन वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या भुकट्या मी घेणार नाही आणि कुणाला सुचवणारही नाही. कंबर मोजायची साधी टेप मला जास्त भरवशाची वाटते. मावशीच्या तपासणीला आता मी सोबत जाते. ‘नव्या वाहिन्या’ हे शब्द कानावर आले, की “कुठे, आणि पाझरताहेत का?” एवढं विचारून घेते.